जागा तिथेच आहे, पत्ता हरवलाय

लिनक्स कर्नेलच्या मूळ कोडसोबत एक छोटासा प्रोग्राम मिळतो. तो मेमरी मागतो आणि विसरून जातो. ३२ बाइटचे दोन तुकडे मागून घेतो, १०२४ बाइटचे दोन, २०४८चे दोन, ४०९६चे दोन. मिळालेल्या तुकड्याचा पत्ता कर्नेलच्या लॉगमध्ये छापतो आणि पुढच्याच क्षणी टाकून देतो. हे तुकडे तो वापरतही नाही आणि परतही करत नाही. जी चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून कर्नेलवर काम करणारी माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात, ती चूक हा प्रोग्राम मुद्दाम, ओळीने करत सुटतो.

त्याचं नाव केमेमलीक-टेस्ट. तो चालवायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग कर्नेललाच विचारायचं, बाबा रे, तू काही विसरलायस का? कर्नेल उत्तर देतो. हो, या पत्त्यावर ३२ बाइट पडून आहेत. अमुक क्षणी अमुक प्रोसेसने ते मागितले होते. कोणत्या फंक्शनमधून मागितले, त्या फंक्शनला कुणी बोलावलं होतं, त्याला आणखी कुणी, अशी सगळी वंशावळ तो पुढ्यात ठेवतो.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या उत्तराकडे बघत बसलो होतो. चष्मा हरवलेला माणूस घरभर चष्मा शोधतो, कारण चष्मा हरवलाय हे त्याला ठाऊक असतं. इथे काय हरवलंय ते ठाऊक नाही, किती हरवलंय ते ठाऊक नाही, मुळात काही हरवलंय का, हेही ठाऊक नाही. तरी शोध लागतो, आणि तोही यंत्र चालू असताना. आठवत नाही म्हणूनच तर विसरलं म्हणायचं. मग विसरलेलं सापडतं कसं?

उसनी भांडी

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये, बहुसंख्य वेबसर्व्हरमध्ये, घरातल्या वायफायच्या कित्येक राउटरमध्ये लिनक्सचाच कर्नेल चालू असतो. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, डिस्कवर काय कुठे लिहायचं, मेमरी कुणाला किती द्यायची, हे सगळं तो ठरवतो. पण हा कारभार करायला त्याला स्वतःलाही मेमरी लागते. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की त्या उघड्या फाइलची नोंद ठेवायला एक तुकडा लागतो. नेटवर्कवरून पॅकेट आलं की ते ठेवायला एक. पेनड्राइव्ह लावला की त्याची माहिती ठेवायला आणखी काही. कामात असलेल्या सर्व्हरवर असे हजारो तुकडे दर सेकंदाला घेतले जातात आणि परत केले जातात.

गावात लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असतात, तसा हा व्यवहार. पातेली, पराती, वाढपाच्या बादल्या घेऊन जायच्या आणि कार्य उरकलं की घासूनपुसून जागेवर आणून ठेवायच्या. कर्नेलचा बहुतेक सगळा कोड सी भाषेत आहे. त्यात भांडं नेण्याच्या फंक्शनचं नाव केमॅलॉक आणि परत करण्याच्या फंक्शनचं नाव केफ्री. जावा किंवा पायथनमध्ये पाठीमागून झाडलोट करणारं कुणीतरी असतं, न लागणारी मेमरी ते आपणहून उचलून नेतं. सी भाषेत असं कुणी नाही. ज्याने नेलं त्यानेच परत करायचं. तो विसरला की भांडं गेलं.

साधा प्रोग्राम विसराळू असला तरी निभावून जातं. तो बंद झाला की कर्नेल त्याला दिलेली सगळी मेमरी काढून घेतो. म्हणून तर फोन जड झाला की आपण एखादं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडतो आणि काम भागतं. पण कर्नेल स्वतःच विसरला तर त्याच्याकडून कोण काढून घेणार? त्याच्या वर कुणी नाही. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो अखंड चालू असतो. प्रोग्रामची न लागणारी मेमरी डिस्कवर हलवून जागा करता येते, पण लिनक्स कर्नेलची स्वतःची मेमरी तशीही हलवता येत नाही. तिच्यातला हरवलेला तुकडा यंत्र रीस्टार्ट होईपर्यंत हरवलेलाच राहतो.

तुकडा किती लहान असू शकतो ते बघा. ६४ बाइट म्हणजे देवनागरीतली फार तर २१ चिन्हं, कारण मराठी मजकूर साठवताना एका चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. एक नीट वाक्यही त्यात मावायचं नाही. असा एक तुकडा दर सेकंदाला हरवला तर दिवसाला सुमारे ५५ लाख बाइट जातात, आणि आजच्या यंत्रावर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तीच चूक दर पॅकेटमागे होत असेल आणि सेकंदाला हजार पॅकेट्स येत असतील, तर दिवसाला साडेपाच अब्ज बाइट जातात. ८ जीबी मेमरीचं यंत्र दीड दिवसात कोरडं पडतं. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं थेंबे थेंबे ते आटतंही.

याची किंमत काय असू शकते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने पाहिलं आहे. ४ नोव्हेंबर १९९२च्या पहाटे दोननंतर तिथली रुग्णवाहिका पाठवणारी संगणक यंत्रणा मंदावत मंदावत पूर्ण थांबली. चौकशीत निघालं ते एवढंच, की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्राममध्ये कोडचा एक तुकडा चुकून राहून गेला होता. रुग्णवाहिका पाठवण्याच्या प्रत्येक वेळी तो फाइल सर्व्हरची थोडीशी मेमरी घेई आणि परत करत नसे. कर्मचाऱ्यांना पूर्णपणे कागदावरच्या पद्धतीकडे वळावं लागलं. ती चूक कर्नेलमधली नव्हती, वरच्या प्रोग्राममधली होती. पण जात तीच, आणि लपायची पद्धतही तीच. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, विसाव्या दिवशीही दिसत नाही, आणि मग एका रात्री सगळं थांबतं.

कर्नेलमध्ये ही चूक झाली की आणखी एक अन्याय घडतो. मेमरी संपत आली की लिनक्स एखादा प्रोग्राम मारून जागा करतो. बळी निवडताना तो मुख्यतः कुणी जास्त मेमरी घेतली आहे ते बघतो. म्हणजे गळती कर्नेलच्या कुठल्यातरी ड्रायव्हरमध्ये, आणि मरतो तो इमानेइतबारे काम करणारा डेटाबेस. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी देऊनही गळती थांबत नाही, म्हणून थोड्या वेळाने दुसरा संन्यासी.

गळत काहीच नाही

या चुकीला सगळे मेमरी लीक म्हणतात, मराठीत गळती. पण हा शब्द थोडी दिशाभूल करतो. गळणारं पाणी कुठेतरी निघून जातं. इथे काहीच कुठे जात नाही. मग नेमकं होतं काय?

लहानपणी आपण खजिना शोधायचा खेळ खेळायचो. पहिली चिठ्ठी हातात मिळायची, तिच्यावर लिहिलेलं असायचं की तुळशीवृंदावनामागे बघ. तिथल्या चिठ्ठीवर असायचं, माठाखाली बघ. माठाखालची चिठ्ठी माळ्यावर पाठवायची. आता समजा माठाखालची चिठ्ठी पाण्याने भिजून तिचा लगदा झाला. माळ्यावरची चिठ्ठी जागच्या जागी आहे, तिच्या पुढच्या सगळ्या आहेत, खजिनाही आहे. पण खेळणाऱ्यांपैकी कुणीही आता तिथे पोचू शकत नाही.

कर्नेलची मेमरी अगदी अशीच बांधलेली असते. प्रत्येक तुकड्याला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी तुकड्यात लिहिलेला असतो. उघड्या फाइलच्या नोंदीत त्या फाइलच्या मूळ माहितीचा पत्ता, त्या माहितीत आणखी कशाचा तरी. पत्त्यावरून पत्त्यावर उड्या मारत कर्नेल आपल्याला हवं तिथे पोचतो. तुकडा परत करायचा असला तरी केफ्रीला त्याचा पत्ताच सांगावा लागतो. आता एखाद्या तुकड्याचा शेवटचा लिहिलेला पत्ता पुसला गेला, तर तो तुकडा आतल्या मजकुरासकट धडधाकट असतो, पण तो ना वापरता येत, ना परत करता येत.

हे नीट उमगलं की सुरुवातीचा प्रश्न उलटा करता येतो. विसरलेलं थेट शोधता येत नाही, हे कबूल. पण जे आठवतंय ते सगळं, एकूण एक, मोजता येतं. मोजणीत जे आलं नाही ते विसरलेलं.

सगळं आठवून बघायचं

लिनक्समध्ये ही मोजणी करणाऱ्या यंत्रणेचं नाव केमेमलीक. ती काटालिन मारिनास या आर्म कंपनीतल्या प्रोग्रामरने लिहिली आणि सप्टेंबर २००९मध्ये आलेल्या २.६.३१ या आवृत्तीत ती कर्नेलचा भाग झाली. मूळ कल्पना मात्र फार जुनी. लिस्प ही भाषा घडवताना जॉन मॅकार्थी यांनी १९६०च्या शोधनिबंधात ती मांडली होती. पोचता येईल तिथवर पोचायचं, वाटेत भेटेल त्यावर खूण करायची, आणि बिनखुणेचं उरेल ते पुन्हा वापरात आणायचं.

केमेमलीक आधी एक वही घालतं. केमॅलॉकने तुकडा दिला की नोंद. पत्ता काय, लांबी किती, कधी दिला, कुणी मागितला. केफ्रीने तुकडा परत घेतला की नोंद खोडली. कुठल्याही क्षणी वहीत बाहेर गेलेल्या भांड्यांची यादी तयार असते. मग झाडाझडती सुरू होते. पहिल्यांदा वहीतल्या सगळ्या तुकड्यांवर पांढरा रंग. पांढरा म्हणजे अजून कुणी ओळख दिलेली नाही. त्यानंतर पहिल्या चिठ्ठ्या जिथे असतात त्या जागा वाचायच्या. कर्नेलचे कायमचे व्हेरिएबल जिथे राहतात तो भाग, आणि चालू असलेल्या प्रत्येक कामाचा स्टॅक, म्हणजे त्याची तात्पुरती टिपणं. ६४ बिटांच्या यंत्रावर आठ-आठ बाइटचा एकेक आकडा उचलायचा आणि वहीशी ताडून बघायचा. हा आकडा एखाद्या तुकड्याच्या हद्दीत पडतो का? पडला तर तो तुकडा करडा. मग करड्या तुकड्यांच्या आत शिरायचं, तिथलाही प्रत्येक आकडा ताडायचा, आणखी काही पांढरे करडे होतील, त्यांच्याही आत शिरायचं. करडे वाचून संपले की थांबायचं. वहीत जे अजून पांढरे आहेत ते अनाथ.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. मेमरीतला कोणता आकडा पत्ता आहे आणि कोणता नुसताच आकडा, हे सी भाषेत वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तिथे कुठे लेबल लावलेलं नसतं. म्हणून केमेमलीक जे जे पत्त्यासारखं दिसेल ते पत्ताच आहे असं धरून चालतं. हान्स बोएम आणि मार्क वायझर यांनी १९८८मध्ये असा सावध शोध सी भाषेतल्या प्रोग्रामसाठी कसा करायचा ते दाखवून दिलं होतं. यात चूक होऊ शकते, एखादा भलताच आकडा योगायोगाने पत्त्यासारखा निघू शकतो आणि एक खरा अनाथ सुटून जाऊ शकतो. पण ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ते इतके लांबलचक असतात की असा योगायोग क्वचितच घडतो. आणि शंकेचा फायदा तुकड्याला देण्यातच शहाणपण आहे.

तेच शहाणपण पुढेही दिसतं. मॅकार्थींच्या पद्धतीत उरलेलं उचलून पुन्हा वापरतात. केमेमलीक अनाथ तुकड्याला हातही लावत नाही. फक्त सांगतं. कारण कर्नेलमध्ये पत्ता वेगळ्या रूपातही ठेवलेला असू शकतो, उदाहरणार्थ हार्डवेअरला समजणाऱ्या क्रमांकात. तो वहीशी जुळणार नाही, आणि वापरातला तुकडा अनाथ वाटेल. असा तुकडा काढून दुसऱ्याला दिला तर चालू यंत्राच्या काळजात सुरी. अशा जागी प्रोग्रामर केमेमलीकला आधीच बजावून ठेवतो की हा तुकडा माझा आहे, याची काळजी करू नकोस.

पळत्या चिठ्ठ्या

इथवर मी एक अडचण बाजूला ठेवली होती. झाडाझडती चालू असताना कर्नेल थांबलेला नसतो. तुम्ही घरात एकेक खोली तपासत जाताय, आणि पोरं चिठ्ठ्या इकडून तिकडे हलवतायत. माजघर बघून झालं, तुम्ही स्वयंपाकघराकडे निघालात, तेवढ्यात स्वयंपाकघरातली चिठ्ठी कुणीतरी माजघरात नेऊन ठेवली. तुम्हाला ती दोन्हीकडे दिसली नाही. चिठ्ठी घरातच आहे, तुमच्या यादीत मात्र ती हरवलेली.

एड्सगर डाइक्स्ट्रा, लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९७८मध्ये या लपंडावावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. झाडणारा आणि सांडणारा एकाच वेळी काम करत असतील तर कोणते नियम पाळले म्हणजे चूक होणार नाही, हे त्यांनी रंगांच्याच भाषेत सिद्ध केलं. पण त्यासाठी सांडणाऱ्यानेही नियम पाळावे लागतात. पत्ता हलवला की वर्दी द्यायची. कर्नेलच्या तीन कोटींहून जास्त ओळींना प्रत्येक पत्त्याची वर्दी द्यायला सांगणं अशक्य.

म्हणून केमेमलीकने धीराचा मार्ग धरला आहे. तुकडा जन्माला येऊन पाच सेकंद झाले नसतील तर त्याच्याबद्दल बोलायचं नाही, कारण त्याचा पत्ता अजून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी मुठीत असू शकतो. पांढऱ्या तुकड्यातल्या मजकुराची बेरजेसारखी एक खूणगाठ काढून ठेवायची. पुढच्या फेरीपर्यंत ती बदललेली दिसली, तर कुणीतरी त्यात लिहितंय, म्हणजे त्याचा पत्ता कुणाकडे तरी आहे. त्याला अनाथ म्हणायचं नाही. आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून फेरी मारायची. वापरातली चिठ्ठी कधी ना कधी दिसतेच. खरा अनाथ कितीही वेळा बघितलं तरी पांढराच राहतो, त्याच्यातलं एक अक्षर हलत नाही.

सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचा चुका शोधणारा डीबगर हीच झाडाझडती कोसळलेल्या कर्नेलवरही करू शकतो. यंत्र कोसळताना मेमरीचा जो ठसा डिस्कवर उतरतो, त्यात सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात. तिथे लपंडाव नाही. लिनक्सचं नवल असं की तो हे स्वतःवर, जागेपणी करतो.

केमेमलीकची वहीसुद्धा मेमरीतच ठेवावी लागते. वहीच्या पानाची नोंद वहीत करायची, तर त्या नोंदीसाठी नवं पान, त्या पानाची पुन्हा नोंद, याला अंत नाही. म्हणून वहीची पानं वेगळ्या कप्प्यातून येतात आणि त्यांची नोंद होत नाही.

ककारांची रांग

आता तो विसराळू प्रोग्राम चालवल्यावर येणारा अहवाल जवळून बघू. पहिल्या ओळीत अनाथ तुकड्याचा पत्ता आणि आकार, ३२ बाइट. दुसऱ्या ओळीत मागणाऱ्या प्रोसेसचं नाव, तिचा क्रमांक आणि तुकड्याचा जन्मक्षण. हा जन्मक्षण चारशे एकोणतीस कोटींच्या घरातला आकडा असतो. यंत्र तर नुकतंच सुरू झालंय, मग घड्याळ एवढं पुढे कसं? कर्नेलचं हे घड्याळ शून्यापासून सुरू होतच नाही. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या जिथे संपते, त्याच्या बरोबर पाच मिनिटं आधीपासून ते सुरू होतं. आकडा ओसंडून पुन्हा शून्यावर येताना कुणाचा हिशेब चुकणार असेल, तर तो महिन्यांनी चुकण्याऐवजी पहिल्या पाच मिनिटांतच, डोळ्यांदेखत चुकावा, म्हणून केलेली ही योजना.

त्याखाली त्या ३२ बाइटमध्ये काय आहे ते छापलेलं असतं. मेमरीवाटपाची तपासणी चालू असेल तर तिथे लहान लिपीतल्या 'के' या इंग्रजी अक्षराची रांगच्या रांग दिसते. ३१ वेळा तेच अक्षर, आणि शेवटच्या बाइटमध्ये वेगळी खूण. तपासणीच्या वेळी कर्नेल तुकडा हाती देताना तो ठराविक खुणेने भरून देतो, आणि त्या खुणेचा आकडा नेमका 'के'चा आहे. रांग अखंड आहे याचा अर्थ असा की हा तुकडा घेतल्यानंतर त्यात कुणी काहीच लिहिलं नाही. नेलेल्या पातेल्याला चूल लागलीच नाही.

सर्वांत खाली फंक्शनांची उतरंड, तुकडा मागितला त्या क्षणी कोण कुणाच्या सांगण्यावरून काम करत होतं त्याची. खरी गळती शोधताना नजर इथेच खिळते, कारण विसरणारा बहुधा याच रांगेत उभा असतो.

संकटात उघडणारी दारं

विसरणाऱ्यांना आळशी समजू नका. पुष्कळ गळत्या अशा वाटेवर होतात जिथे एरवी कुणी जातच नाही. समजा एखाद्या ड्रायव्हरला उपकरण सुरू करायचं आहे. आधी उपकरणाच्या नोंदीसाठी मेमरी घ्यायची, मग डेटा ठेवायला मेमरी घ्यायची, मग उपकरणाची हाक कळवणारा इंटरप्ट जोडायचा. तिसरं काम फसलं तर दुसरं आणि पहिलं उलट्या क्रमाने उलगडून, मेमरी परत करून बाहेर पडायचं. नव्याण्णव हजार वेळा तिसरं काम फसत नाही, त्यामुळे त्या वाटेवरची राहून गेलेली एक केफ्री कुणाला दिसत नाही.

कर्नेलच्या कोडमध्ये या माघारीसाठी गोटू ही उडी मारायची आज्ञा वापरायची शिस्त आहे. फंक्शनच्या तळाशी उतरत्या पायऱ्या लिहिलेल्या असतात, आणि काम जिथे फसेल तिथून योग्य पायरीवर उडी घ्यायची. गोटूविरुद्ध १९६८मध्ये जगप्रसिद्ध पत्र लिहिलं ते याच डाइक्स्ट्रांनी. त्यांनी नाकारलेली उडी गळती टाळायला उपयोगी पडते आणि त्यांच्याच रंगांची भाषा गळती शोधायला. दोन्ही गोष्टी एकाच कोडमध्ये सुखाने नांदताना बघून मला फार बरं वाटतं.

न वापरलेल्या वाटा तपासायच्या कशा? कर्नेलला मुद्दाम खोटं बोलायला लावून. मेमरी शिल्लक असतानाही केमॅलॉकने अधूनमधून 'नाही' म्हणावं, अशी सोय कर्नेलमध्येच आहे. नाही म्हटलं की ड्रायव्हर घाबरून त्या अंधाऱ्या जिन्याकडे धावतो, आणि जिन्याची पायरी तुटकी असेल तर पाठोपाठ येणाऱ्या केमेमलीकला तिथे अनाथ तुकडा दिसतो. गूगलमध्ये लिहिलेला सिझकॉलर नावाचा प्रोग्राम तर रात्रंदिवस कर्नेलवर चित्रविचित्र मागण्यांचा भडिमार करत असतो. मधूनच मेमरी नाकारतो, मग केमेमलीकला झाडाझडती घ्यायला लावतो. अनाथ सापडला की कोणत्या मागण्यांनंतर तो जन्माला आला, याची छोटी, पुन्हा करून बघता येईल अशी कृती लिहून काढायचा प्रयत्न करतो. अशा शोधांतून कर्नेलमधल्या कितीतरी गळत्या बुजल्या आहेत.

माळ्यावरची अडगळ

एक जात मात्र केमेमलीकच्या हाती लागत नाही. पत्ता हरवलेला नाही, पण तुकडा कुणाला नकोही आहे. अनेकजण मिळून वापरतात अशा तुकड्यावर कर्नेल किती जण वापरतायत याचा आकडा ठेवतो. वापरायला घेतलं की एक वाढवायचा, सोडलं की एक कमी करायचा, शून्य झाला की तुकडा परत. कुणी कमी करायला विसरला तर आकडा कधीच शून्य होत नाही. तुकडा यादीत राहतो, पत्ता शाबूत असतो, आणि असे तुकडे माळ्यावरच्या अडगळीसारखे साठत जातात. शिवाय मेमरीची अख्खी पानंच्या पानं जे थेट मागून घेतात, त्यांची नोंद केमेमलीकच्या वहीत होतच नाही.

इथे हिशेबनीस लागतो. जेफ बॉनविक यांनी १९९४मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये स्लॅब नावाची रचना मांडली, तेव्हापासून एका मापाचे तुकडे एका फडताळात ठेवायची रीत रूढ झाली. कोणतं फडताळ फुगतंय हे लिनक्समध्ये एका आज्ञेने बघता येतं. पण ६४ बाइटचं फडताळ फुगलं एवढंच कळून काय उपयोग? ती धर्मशाळा आहे, कर्नेलमधला जो तो तिथेच उतरतो. २०२४च्या जुलैमध्ये आलेल्या ६.१० या आवृत्तीत सुरेन बाघदासारियन आणि केंट ओव्हरस्ट्रीट यांनी यावर सुरेख उपाय आणला. कोडमध्ये जिथे जिथे मेमरी मागितली जाते, त्या प्रत्येक ओळीला स्वतःचा मोजणारा मिळाला. आता अमुक फाइलच्या अमुक ओळीने मागितलेले किती बाइट अजून बाहेर आहेत, हे चालू यंत्रावर वाचता येतं. आज एकदा वाचायचं, उद्या एकदा वाचायचं. जो आकडा नुसता वाढतच गेला, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं.

दहा जणांचं बेट

आता पुन्हा त्या विसराळू प्रोग्रामकडे. त्याने आणखी एक गोष्ट करून ठेवलेली असते. दहा तुकडे घेऊन त्यांची साखळी बांधलेली असते, आणि साखळीचं टोक स्वतःकडे ठेवलेलं असतं. झाडाझडतीत हे दहाजण अनाथ ठरत नाहीत. टोकापासून पहिल्याकडे, पहिल्यापासून दुसऱ्याकडे, असं दहाव्यापर्यंत पोचता येतं.

मग तो प्रोग्राम कर्नेलमधून काढून टाकायचा. जाताना तो साखळीची प्रत्येक कडी सुटी करतो, तुकडे मात्र परत करत नाही. पुन्हा विचारलं की दहाच्या दहा नावं अहवालात. समजा त्याने साखळी सुटी न करता नुसतं टोकच सोबत नेलं असतं, तरी हेच झालं असतं. तेव्हा प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचा पत्ता घट्ट धरून ठेवलेला असता. तुझा पत्ता कुणाकडे आहे का, असं एकेकाला विचारलं असतं तर सगळे हो म्हणाले असते. पण बाहेरून त्या बेटावर जाणारी होडी उरली नसती. पत्ता कुणाकडे तरी असून भागत नाही. तो आपण जिथे उभे आहोत तिथून सुरू होणाऱ्या वाटेवर असावा लागतो.

हे दहा पत्ते आता माझ्यासमोर पडद्यावर असतात. सापडले, तरी ते परत करायला केमेमलीकमध्ये काही सोय नाही. हे यंत्र रीस्टार्ट होईपर्यंत ते तुकडे तसेच पडून राहणार. खऱ्या गळतीतही तसंच होतं. अहवाल वाचून कुणीतरी कोडमधली ती जागा गाठतो, राहून गेलेली केफ्री लिहितो, बहुधा एकच ओळ. ती ओळ ज्या यंत्रावर चूक सापडली त्याच्या चालू कर्नेलला काहीच परत देत नाही. ती पुढच्या आवृत्तीत जाते, आणि तिथून अशा असंख्य यंत्रांवर पोचते जिथे ही चूक कधी घडलीच नाही असं सगळ्यांना वाटत राहील.